आपल्या आकाशाचे वेळापत्रक

२२ नोव्हेंबर २०१९ रोजी कलबुर्गीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि बंगळूरहून आलेले प्रवासी विमान तिथे उतरले. पायाभरणी २००८ सालची. मधे अकरा वर्षे गेली. धावपट्टी, कुंपण, इमारत एवढे झाले की विमानतळ झाला असे आम्हा बांधकामवाल्यांना वाटते, कारण आमचे बिल तिथे संपते. पण लोकांच्या लेखी विमानतळ सुरू होतो तो ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी विमान येऊ लागते तेव्हा. एसटी स्टँडचेही तसेच आहे. फलाट बांधले, पाटी लावली आणि गाडीच येत नसेल तर तो स्टँड नव्हे, नुसती पत्र्याची शेड.

विमानतळाचा इतिहास म्हणजे त्याच्या येण्याजाण्याचा इतिहास, ही गोष्ट मला ग्रंथालयात नव्हे, संगणकावरच्या एका खेळातून उमगली. त्या खेळाला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. घरी बसून विमान चालवण्याचा तो सराव असतो. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत नातवंडांनी तो कधी ना कधी उघडलेला असणार, आणि आजोबांनी ‘अभ्यास कर’ म्हणून तो बंद करायला लावलेला असणार. त्यातल्या एका बाजूकडे आजोबांनी मुद्दाम लक्ष द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. ती बाजू म्हणजे आपण सोडून इतर विमाने. आकाशात आपण एकटेच उडत असलो तर खेळ लवकर कंटाळवाणा होतो. मग त्या विमानतळांवर संगणकाने चालवलेली विमाने आणून सोडायची, आणि ती खऱ्या वेळापत्रकाप्रमाणे धावायला लावायची. हा एक स्वतंत्र छंद आहे आणि त्यात रमलेली माणसे जगभर आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्रूस आर्टविक या अमेरिकन माणसाने १९७९-८० च्या सुमारास ॲपल कंपनीच्या छोट्या संगणकासाठी पहिला सिम्युलेटर केला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्याकडून घेऊन तो आपल्या नावाने आणला. त्या काळचे चित्र म्हणजे चार रेघा आणि एक क्षितिज. जग पूर्ण रिकामे. १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत प्रथमच इतर विमाने व गाड्या हलताना दिसू लागल्या, पण जत्रेतल्या चक्राकार आगगाडीसारख्या: आखून दिलेल्या एकाच वाटेवर फिरायचे, कोणाशी देणेघेणे नाही. तुम्ही समोर आलात तरी त्यांना फरक पडत नसे. खरा बदल २००१ च्या अखेरीस आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २००२’ मध्ये झाला. त्यातली विमाने नियंत्रण कक्षाशी बोलू लागली, रांगेत उभी राहू लागली, धावपट्टी मोकळी नसेल तर उतरता उतरता पुन्हा वर जाऊ लागली. अशा विमानांना हौशी मंडळी तेव्हापासून ‘एआय विमाने’ म्हणतात. सध्या ज्या एआयवर रोज वर्तमानपत्रात रकाने भरून येतात तिचा याच्याशी संबंध नाही. ही विमाने शिकत नाहीत, विचार करत नाहीत. ती फक्त वेळापत्रक पाळतात. सरकारी नोकराला यात आपुलकी वाटावी असे बरेच आहे.

विमाने आली, पण कंपन्या खोट्या होत्या. मुंबईला सहार विमानतळावर जाऊन पाहावे तर ‘ऑर्बिट’, ‘पॅसिफिका’ अशा नावांची विमाने उभी. खऱ्या कंपन्यांची नावे वापरायची तर परवानगी लागते, म्हणून मायक्रोसॉफ्टने नावे कल्पून घातली होती. एअर इंडियाचा महाराजा नाही, इंडियन एअरलाइन्स नाही, जेट नाही. सांताक्रूझला पाहुण्यांना पोहोचवून आलेल्या कोणालाही हे खटकले असते. हौशी लोकांना तर फारच खटकले. त्यांनी वेळापत्रकाच्या त्या फाइली उलगडल्या, त्यांची रचना समजून घेतली आणि स्वतःच्या फाइली करण्यासाठी साधने तयार करून फुकट वाटली. ‘ट्रॅफिक टूल्स’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध.

हे काम कसे चालते ते आळंद डेपोच्या भाषेत सांगतो. तीन याद्या लागतात. पहिली गाड्यांची, म्हणजे विमानांची: कोणता प्रकार, कोणत्या कंपनीच्या रंगात, वेग किती. दुसरी स्टँडांची, म्हणजे विमानतळांची: अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची. तिसरी यादी सर्वांत महत्त्वाची, ती शेड्यूलची. तिच्या एका ओळीत एका विमानाचा सगळा दिनक्रम किंवा आठवड्याचा क्रम असतो: नोंदणी क्रमांक, सुटण्याची वेळ, किती उंचीवरून जायचे, उड्डाण क्रमांक कोणता, उतरायचे कुठे, तिथून पुढे कधी सुटायचे. एक अट कडक आहे. विमान जिथून निघाले तिथेच अखेर परत आले पाहिजे. डेपोची गाडी मुक्कामाला कुठेही जावो, चक्र पूर्ण करून डेपोत यायलाच हवी, तसे. चक्र अपुरे राहिले तर गाडीचा हिशेबच लागत नाही.

वेळ ग्रीनिचची धरतात, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे पाचला सुटणारे विमान त्यामुळे आदल्या वारात लिहावे लागते. नव्या मुलांचा इथे गोंधळ होतो. घरी पंचांग पाहणाऱ्यांचा होऊ नये, कारण ग्रीनिचची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला, म्हणजे सूर्योदयाच्या आसपासच बदलते.

आता जागेचा प्रश्न. यात माझा सिव्हिलचा डिप्लोमा कामी आला. विमानतळाच्या नकाशावर उभे राहण्याच्या जागा वर्तुळाने दाखवतात आणि प्रत्येक वर्तुळाला त्रिज्या असते. एम्ब्रेअर १४५ या जेट विमानाचा पंखविस्तार २० मीटर, एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाचा २७ मीटर आणि एअरबस ३२० चा ३४ ते ३६ मीटर. तुम्ही १२ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर एम्ब्रेअर त्यात सुखाने मावते. एटीआर मावत नाही. मग ते काय करते? व्यवस्थित उतरते, वेग कमी करते आणि जागा नाही म्हणून दिसेनासे होते. सुटणाऱ्या विमानाला जागा नसेल तर ते जन्मालाच येत नाही. तक्रार नाही, सूचना नाही. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला भुताटकी वाटते. शिवाय उभ्या जागेपासून धावपट्टीपर्यंत रस्त्याच्या रेघा जोडलेल्या हव्यात आणि धावपट्टीच्या तोंडाशी थांबण्याची खूण हवी. एक सांधा तुटका राहिला तर विमान जागचे हलत नाही. आमच्या खात्यात नकाशावर जोडलेला रस्ता जागेवर तुटका असू शकतो. इथे तशी सोय नाही.

आणखी एक गंमत. ही सगळी विमाने सदासर्वकाळ अस्तित्वात नसतात. तुम्ही जिथे आहात तिथून शंभरेक मैलांच्या आतली तेवढीच संगणक प्रत्यक्ष उभी करतो. बाकीची कागदावर उडत असतात. तुम्ही कलबुर्गीला असाल तर हैदराबादचे विमान दिसते, दिल्लीचे नाही. तुम्ही दिल्लीला गेलात की संगणक वेळापत्रक उघडतो आणि या क्षणी कोणते विमान कुठे असायला हवे याचा हिशेब करून ते तिथे ठेवतो.

इथवर हा छंदाचा भाग झाला. इतिहास सुरू होतो तो फाइल जुनी झाल्यावर.

२००७ सालच्या सुमारास कोणी चिकाटीने तयार केलेली भारतीय विमानांची फाइल आज संगणकावर लावून पाहा. हैदराबादचे बेगमपेठ गजबजलेले दिसते. आपल्या भागातली कितीतरी माणसे आखाताला, अमेरिकेला गेली ती बेगमपेठवरून. बिदर-गुलबर्ग्याहून जीप करून त्यांना पोहोचवायला निघालेल्या वऱ्हाडांपैकी काही जण हा लेख वाचत असतील. २३ मार्च २००८ रोजी शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेठची प्रवासी वाहतूक बंद झाली. त्या फाइलीत मात्र ती सुरूच आहे. लाल रंगाची किंगफिशर तिथे अजून उतरते. खरी किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज येते, जी १७ एप्रिल २०१९ ला थांबली. एअर डेक्कन येते. ऑगस्ट २००३ मध्ये हुबळी-बंगळूर मार्गाने सुरू झालेली आणि सामान्य माणसाला विमानात बसवणारी ही कंपनी पुढे किंगफिशरमध्येच विरून गेली. त्या फाइलीतल्या कोणत्याही विमानाला कंपनी बुडाल्याचे कोणी कळवलेले नाही. ती आपली वेळेवर सुटतात, वेळेवर उतरतात.

मला यात नोंदवही दिसते. कंपनी बुडते तेव्हा तिचे विमान कोणीतरी विकत घेते, इमारतीत दुसरे कार्यालय येते, नोकर पांगतात. वेळापत्रक कोणी जपून ठेवत नाही, कारण ते दर सहा महिन्यांनी बदलणारे, रद्दीत जाणारे कागद. पण त्या काळात माणसे कशी वावरली हे त्यातूनच समजते. सकाळी नऊचे विमान गाठायचे तर गुलबर्ग्याहून रात्रीच निघावे लागे, म्हणजे बेगमपेठच्या दारात मुक्काम आला, डबा आला, झोपलेली पोरे आली. ही सगळी हकीकत त्या एका आकड्यात दडलेली असते.

एकदा हे डोक्यात बसले की माणूस मागे मागे जायला लागतो. आणि आपल्या भागाचे आकाश मागे जाऊन पाहण्यासारखे आहे.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा सकाळी कराचीहून एका इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. बरोबर टपालाच्या थैल्या. तिथून पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतीय विमानसेवेचा आरंभ सांगताना आपण टाटा आणि जुहू एवढेच सांगतो, बेल्लारी विसरतो. पण पहिल्याच टपाल मार्गावर आजच्या कर्नाटकातले एक गाव होते. पुढे हा मार्ग बेल्लारीऐवजी हैदराबादवरून नेण्यात आला. नकाशावर मुंबई आणि हैदराबाद यांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहा. ती उमरगा-बसवकल्याण पट्ट्यावरून जाते. आपल्या कडगंचीपासून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर. सिम्युलेटरमध्ये ही फेरी बसवणे फार सोपे आहे, एक विमान आणि पाच विमानतळ. अडचण वेगळीच येते. कार्यक्रमातले विमान नियंत्रण कक्षाची परवानगी मागितल्याशिवाय हलत नाही, आणि कक्ष नसेल तर निदान रेडिओवर ‘मी निघालो’ असे सांगते. १९३२ च्या पस मॉथमध्ये रेडिओच नव्हता.

त्यानंतर निजामाच्या राज्याची स्वतःची विमान कंपनी आली, डेक्कन एअरवेज. १९४५ ची स्थापना, निजाम सरकार आणि टाटा यांची भागीदारी, ठाणे बेगमपेठ, विमाने डकोटा. त्या काळी बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड हे सगळे एकाच हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे आपल्या आजोबांच्या लेखी डेक्कन एअरवेज ही ‘आपल्या सरकारची’ कंपनी होती. प्रेम माथूर या भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिकाला नोकरी दिली ती याच कंपनीने. १९५३ मध्ये देशातल्या आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स झाली, त्यात डेक्कनही गेली. तीन वर्षांनी, १९५६ ला, संस्थानच तीन राज्यांत वाटले गेले. आम्ही म्हैसूर राज्यात आलो, उस्मानाबाद-नांदेड मुंबई राज्यात, हैदराबाद आंध्रात. कागदपत्रेही अशीच विभागली गेली. महाराष्ट्राचा विमान-इतिहास लिहिणारा मुंबई-पुण्यापासून सुरू करतो, कर्नाटकाचा लिहिणारा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टपासून. बिदर-गुलबर्गा दोघांच्याही पानाच्या कडेला राहते.

आणि बिदरची गोष्ट तर कादंबरीला लाजवील अशी आहे. १९४८ चा उन्हाळा. भारताने संस्थानाची कोंडी केलेली, रझाकारांचा धुमाकूळ सुरू. त्या दिवसांच्या आठवणी आपल्या घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आहेत, त्या इथे पुन्हा सांगत नाही. त्याच दिवसांत सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक निजामासाठी कराचीहून शस्त्रे आणत होता. विमाने लँकॅस्ट्रियन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लँकॅस्टर बॉम्बफेकी विमानांचा प्रवासी अवतार. रात्री निघायचे, भारताच्या हद्दीवरून लपत यायचे आणि बिदर किंवा वरंगळच्या धावपट्टीवर माल उतरवायचा. कराची ते बिदर सरळ रेषेने साधारण १,३३० किलोमीटर. चार इंजिनांच्या त्या विमानाला साडेतीन-चार तास लागत असणार. म्हणजे बिदरच्या आकाशात मोठी परदेशी विमाने उतरत होती ती वेळापत्रकाने नव्हे, वेळापत्रक चुकवून. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेच्या पहाटे भारतीय फौजा बिदरमध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी निजामाने शरणागती दिली. पुढे इंग्लंडमध्ये कॉटनवर खटला होऊन त्याला दंड झाला तो २०० पौंडांचा.

मी या फेऱ्या संगणकावर बसवून पाहिल्या. अंतर बरोबर, वेळ बरोबर, विमानही जवळपास तसेच. पण प्रसंग काही उभा राहत नाही. संगणकाचे विमान सगळे दिवे लावून येते, नियंत्रण कक्षाला नाव-गाव सांगते, उतरायची परवानगी मागते आणि रांगेत थांबते. शस्त्रांची तस्करी करणारा इतका शिस्तीचा माणूस कुठे मिळायचा! वेळापत्रकाच्या साधनाने कोणता इतिहास मांडता येतो आणि कोणता येत नाही, हे बिदरने दाखवून दिले.

जो उत्तम मांडता येतो तो नागपूरचा. ३० जानेवारी १९४९ पासून, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चौघे नागपूरला एकत्र यायचे. तिथे टपालाच्या थैल्या आपसात बदलायच्या आणि उजाडायच्या आत चौघांनी आपापल्या गावी परतायचे. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. ज्यादा आकार न घेता साधी पत्रेही विमानाने जाऊ लागली. टाटांचा या योजनेला विरोध होता, कारण रात्रीच्या उड्डाणासाठी लागणाऱ्या सोयी तेव्हा विमानतळांवर पुरेशा नव्हत्या. विरोध चुकीचा म्हणता येत नाही आणि योजनेचा डौलही नाकारता येत नाही. देशाच्या मध्यावर एक गाव, मराठी गाव, आणि रोज रात्री चार दिशांनी चार डकोटा तिथे येतात. नागपूरच्या शून्य मैलाच्या खांबाचे महत्त्व आपल्याला शाळेत शिकवले. ही रात्रीची भेट शिकवायला हवी होती.

हे वेळापत्रक बसवताना मजा येते ती गणितात. सरळ रेषेने नागपूर मुंबईपासून सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्लीपासून ८५०, मद्रासपासून ९०५, कलकत्त्यापासून ९८५. डकोटाचा वेग ताशी २७० किलोमीटर धरू. चौघांनी रात्री दीडला जमायचे असे मी माझ्यापुरते ठरवले. तर कलकत्त्याच्या विमानाने पावणेदहानंतर लगेच निघायला हवे, मद्रासच्या विमानाने दहाच्या थोडे पुढे, दिल्लीच्या विमानाने सव्वादहाच्या पुढे, आणि मुंबईचे विमान अकराला पाच मिनिटे कमी असताना निघाले तरी चालते. म्हणजे मुंबईच्या पोस्टात पत्रे छाटणाऱ्यांना कलकत्त्यापेक्षा तासभर जास्त मिळतो. हे मला कोणत्याही पुस्तकात वाचून सुचले नसते. आठ ओळी लिहिल्या, नागपूरच्या विमानतळावर चार डकोटांना पुरतील एवढी वर्तुळे शेजारी शेजारी काढली (डकोटाचा पंखविस्तार २९ मीटर, म्हणजे त्रिज्या पंधराच्या आसपास) आणि दीड वाजायची वाट पाहत बसलो. एकामागे एक दिवे दिसू लागतात. एकाच धावपट्टीवर चौघे उतरणार म्हणून मागचा थोडा थांबतो, घिरटी घालतो. ठरलेले दीड हे कोणाचे दीडचे, कोणाचे एक चाळीसचे होते. १९४९ मध्येही असेच होत असणार.

बिदरकडे परत येतो. तिथला हवाई दलाचा तळ १९४२ चा. पुढे तो वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे मोठे केंद्र झाला. नऊ विमानांचे सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये तिथेच उभे राहिले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सची किरण विमाने वापरायचे, म्हणून ते नाव. २००८ पासून हॉक जेट विमाने आली आणि पुढे सूर्यकिरणनेही हॉक घेतली. शिकाऊ वैमानिकाचे उड्डाण कुठेच जात नाही. वर चढायचे, वळसा घालायचा, धावपट्टीला चाके टेकवायची आणि न थांबता पुन्हा वर. असे तासन् तास. सिम्युलेटरच्या वेळापत्रकात यासाठी वेगळी खूण आहे: ठरल्या वेळेपर्यंत टेकवत राहा, मग उभ्या जागेवर ये. बिदरसाठी तीच लिहायची. लष्करी तळाची खरी दैनंदिनी कोणी जाहीर करत नाही आणि करूही नये. पण दोन विमाने सकाळभर घिरट्या घालत ठेवली की बिदर बिदर वाटते.

कलबुर्गीचे तसे नाही. २००३ च्या ‘अ सेंच्युरी ऑफ फ्लाइट’ या गाजलेल्या आवृत्तीत आपला विमानतळ असण्याचा प्रश्नच नव्हता. तो जमिनीवरच नव्हता. ज्याला हवा त्याने स्वतः काढायचा: पूर्व-पश्चिम धावपट्टी, लांबी ३,१७५ मीटर, रुंदी ४५. आंतरराष्ट्रीय खूण व्हीओजीबी. शेवटची दोन अक्षरे गुलबर्ग्याची आहेत. गावाचे नाव २०१४ मध्ये बदलले, विमानतळ त्यानंतर पाच वर्षांनी उघडला, तरी प्रवाशांच्या तिकिटावर येणारी खूण जीबीआय. सरकारने पाटी बदलली, आकाशात मात्र आपण अजून गुलबर्ग्याचेच.

इथली वेळापत्रके मी २०१९ पासून तारखेसह वहीत उतरवून ठेवतो आहे. सुरुवात स्टार एअरच्या ५० आसनी एम्ब्रेअरने. ही कोल्हापूरच्या घोडावत समूहाची कंपनी, म्हणजे आपल्या पहिल्या विमानाचे मालक मराठी मुलखातले. पाठोपाठ अलायन्स एअरचे एटीआर. २०२० मध्ये दिल्लीजवळच्या हिंडनची फेरी. बिदरला फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रूजेटचे एटीआर सुरू झाले, नंतर ती कंपनीच थांबली. २०२२ मध्ये स्टार एअर आली, २०२३ च्या अखेरीस तीही फेरी बंद, २०२५ मध्ये पुन्हा सुरू. तिकडे सोलापूरला जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान आले. ‘उडान’ योजनेत तोट्याच्या मार्गाला सरकार तीन वर्षे हातभार लावते. तीन वर्षे भरत आली की छोट्या विमानतळांच्या वेळापत्रकात गळती का सुरू होते हे वेगळे सांगायला नको. माझ्या वहीत त्यामुळे खाडाखोड फार आहे. नेमकी तीच महत्त्वाची. फेरी सुरू झाल्याची बातमी फोटोसह छापून येते, हार घातलेले विमान, हसणारे पुढारी. बंद झाल्याची तारीख सहसा एका ओळीत येते, कधी येतच नाही.

त्यात २५ मार्च ते २४ मे २०२० ही दोन महिन्यांची कोरी जागा आहे. टाळेबंदीत देशांतर्गत प्रवासी उड्डाणे पूर्ण बंद होती. त्या दोन महिन्यांत जगातले कितीतरी लोक घरी बसून सिम्युलेटर खेळले, आणि त्यांच्या पडद्यावर सगळी विमाने वेळेवर उडत होती. नव्या आवृत्तीत, ऑगस्ट २०२० नंतर, खऱ्या आकाशातली खरी विमाने इंटरनेटवरून थेट आणून दाखवतात. त्यामुळे हाताने वेळापत्रक लिहिण्याची गरज संपली असे काही जण म्हणतात. मला पटत नाही. थेट आलेले विमान गेले की गेले, मागे काही राहत नाही. हाताने लिहिलेली फाइल वीस वर्षांनीही उघडता येते, आणि बेगमपेठ पुन्हा सुरू होते.

आता एक विनंती. ज्यांच्या घरी इंडियन एअरलाइन्सची, बेगमपेठच्या काळातली किंवा त्याहून जुनी विमानाची तिकिटे, बोर्डिंग पासचे तुकडे, कंपन्यांची छापील वेळापत्रके किंवा नागपूरमार्गे आलेली १९४९-५० सालची पाकिटे ठसे शाबूत राहिलेली असतील, त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात दाखवायला आणावीत. फोटो काढून लगेच परत देऊ. तिकिटावर तारीख, उड्डाण क्रमांक आणि सुटण्याची वेळ असते. एवढ्यावर एक पूर्ण ओळ तयार होते. उत्सवाच्या दिवसांत मंडपाच्या मागच्या खोलीत रोज आरतीनंतर संगणक लावलेला असेल. नागपूरची चार विमाने मुलांच्या सोयीसाठी दीड वाजता न आणता रात्री साडेआठला उतरतील.